संतिणीचा झरा कुणी बाटवला

फिंटन गिल्डे मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्याच हिवाळ्यात त्यांनी किलमोरा गावात इतिहास मंडळ काढलं, आणि गावानं ते मुकाट्यानं काढू दिलं. अडतीस वर्षं ज्याच्यासमोर उभं राहून पाढे म्हटले त्या माणसाला नाही कोण म्हणणार? ऑक्टोबर ते मार्च, महिन्याचा पहिला गुरुवार, संध्याकाळी साडेसात, चर्चच्या मागचा हॉल. बुधवारी तिथे बिंगो असे आणि शुक्रवारी मुलींचा नाच. गुरुवारी हॉल कुणालाच नको असे, तो इतिहासाच्या वाट्याला आला.

दहा वर्षांत मास्तरांनी पुष्कळ काही सांगितलं. गावाला येता येता राहिलेली रेल्वे, जमीनदाराचा मुनीम आणि त्याचं लाकडी नाक, शेताशेताची जुनी नावं. तीस-पस्तीस माणसं नेमानं येत. त्यातली निम्मी व्याख्यानासाठी येत आणि निम्मी अट्रॅक्टा कॉलीच्या केकसाठी, आणि केकवाली मंडळी ते लपवतही नसत. व्याख्यान लांबलं की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणे, "मास्तर, किटली गार होतेय." मास्तर चष्म्यावरून एकदा बघत आणि आणखी दहा मिनिटं बोलत.

नोव्हेंबरचं व्याख्यान मात्र ठरलेलं असे. संतिणीचा झरा. तो विषय लोकांनीच मागून घेतलेला होता आणि दर वर्षी तोच ऐकायला ते येत, जसं एखाद्या घरी दर सणाला तोच पदार्थ लागतो.

गोष्ट अशी. झरा पूर्वी डरकनांच्या शेतात होता. त्याचं पाणी डोळ्यांना लावलं की डोळे निवत, गुडघ्यांना लावलं की गुडघे. पंधरा ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, लोक अनवाणी प्रदक्षिणा घालत. मग एके दिवशी एका बाईनं त्या पाण्यात घरातले मोजे धुतले. झऱ्याला अपमान सोसला नाही. रात्रीतून तो उठला आणि दोन बांध ओलांडून कॉलींच्या शेतात जाऊन बसला. डरकनांकडे उरला कोरडा खड्डा आणि त्यात खाजकुइली. आता मोजे धुणारी ती बाई कोण? तर कॉलींची. अट्रॅक्टाची पणजी. मास्तरांना हे त्यांच्या आईनं सांगितलं होतं, आणि मास्तरांची आई नोनी ही डरकनांचीच लेक. तेव्हा माहिती घरची होती.

दर नोव्हेंबरला मास्तर या ठिकाणी आले की रेडिएटरला पाठ लावून बसलेला बार्टली फीनी घसा खाकरत असे. बार्टली मेंढ्या पाळायचा, वय ऐंशीला टेकलेलं.

"तसं नव्हतं ते, मास्तर."

"मग कसं होतं, बार्टली?"

"तसं नव्हतं एवढं माहिताय."

"पुरावा?"

"माझी आजी."

"आजी हा पुरावा नव्हे," मास्तर म्हणत, आणि वर्ग हसे. म्हणजे हॉल हसे. अट्रॅक्टाही हसे. ती भिंतीतल्या खिडकीपलीकडे, स्वयंपाकघरात, कपबशा मांडत उभी असायची. आपल्या पणजीचे मोजे दर वर्षी असे चारचौघांत वाळत घातले जातात याबद्दल ती दहा वर्षांत चकार शब्द बोलली नव्हती. मास्तर मनातल्या मनात म्हणत, बाई मोठ्या मनाची आहे.

यंदा ऑक्टोबरात शाळेला रंग द्यायला काढला. मुख्याध्यापिका ऑर्ला ही मास्तरांचीच विद्यार्थिनी. तिनं एक खोकं गाडीत घालून त्यांच्या दारात आणलं.

"मोठ्या कपाटाच्या मागे पडलं होतं, मास्तर. जुन्या वह्या आहेत. टाकवेनात."

"वाचल्यास?"

"छे, मी कशाला वाचू," ऑर्ला म्हणाली, जरा घाईनंच, आणि चहा न घेता गेली.

मास्तरांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वही झटकून बाहेर काढली. त्यांना काय हाती लागलंय ते लगेच कळलं. फार वर्षांपूर्वी सरकारनं शाळांना काम दिलं होतं. पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी ऐकायच्या आणि वहीत उतरवायच्या. किलमोऱ्याच्या वह्या हरवल्या असंच सगळे समजत होते. इतिहास मंडळाच्या अध्यक्षाला आयुष्यात एकदा असा दिवस येतो.

सहावी वही त्यांच्या आईची निघाली. नोनी डरकन, वय अकरा. अक्षर तेच, पुढे किराण्याच्या यादीवर असायचं तसं, उजवीकडे झुकलेलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

"आमच्या शेतात संतिणीचा झरा होता. माझ्या आजीनं त्यात आजोबांचे मोजे धुतले, कारण नदी लांब होती आणि आजीचे पाय दुखत होते. त्या रात्री झरा उठला आणि कॉलींच्या शेतात गेला. आजी म्हणते, गेला तर गेला, मोजे तरी स्वच्छ निघाले. आई म्हणते हे लिहू नकोस. पण मास्तरांनी खरं तेच लिहा असं सांगितलं आहे."

खाली त्या वेळच्या मास्तरांची लाल शाई होती. "अक्षर सुबक. समासाकडे लक्ष द्यावे."

फिंटन मास्तरांनी ते पान तीनदा वाचलं. मग उठून किटली ठेवली आणि ती उकळून उकळून आपोआप बंद झाली तरी तिथेच उभे राहिले. आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. ही बाई खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाला साबण लावायची. आणि हिनंच आपल्याला मांडीवर घेऊन कॉलींच्या पणजीचे मोजे सांगितले.

पहिले चार दिवस त्यांनी स्वतःची समजूत घालण्यात काढले. पोर अकरा वर्षांची, तिला काय कळतंय. एकच साधन म्हणजे काही सिद्ध होत नाही. पण हे सगळं ते मनातल्या मनात बार्टलीच्या तोंडावर म्हणून बघत आणि तिथेही बार्टली घसा खाकरे. पाचव्या दिवशी त्यांनी वेगळाच विचार केला. नोव्हेंबरला विषयच बदलावा. लाकडी नाकवाला मुनीम पुन्हा घ्यावा. सहाव्या दिवशी दुकानात दोघींनी विचारलं, "झऱ्याचं यंदा पहिल्याच गुरुवारी ना, मास्तर?" ते "हो" म्हणून बसले.

सातव्या दिवशी त्यांनी वही कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि कॉलींच्या घराची वाट धरली.

अट्रॅक्टा मागच्या पडवीत दलदलीतून कापलेल्या पीट-मातीच्या जळणाच्या विटा रचत होती. अडुसष्टाव्या वर्षीही ती हे काम कुणाला करू देत नसे, कारण दुसऱ्यानं रचलेला ढीग वाकडा होतो असं तिचं मत होतं.

"या मास्तर. वाट चुकलात?"

"झऱ्याचं जरा माप घ्यावं म्हटलं. व्याख्यानासाठी."

"फूटपट्टी कुठाय?"

मास्तरांनी खिसे चाचपले. फूटपट्टी नव्हती. अट्रॅक्टानं त्यांच्या हातात दोन विटा दिल्या. "आलाच आहात तर रचा. कोपरे जुळवून."

त्यांनी रचल्या. हवेबद्दल बोलले, तिच्या भावाच्या पाठीबद्दल बोलले, नव्या पाद्रीबाबांच्या उच्चारांबद्दल बोलले. अट्रॅक्टा हूं हूं करत होती. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस तिनं पहिल्यांदा पाहिला नव्हता. शेवटी ढीग छातीपर्यंत आला, तेव्हा तीच म्हणाली, "मास्तर, कोटाच्या आत हात घालून घालून बटण तुटेल. काय असेल ते काढा."

त्यांनी वही काढली. तिनं हात झग्याला पुसले, उजेडाला गेली आणि उभ्यानं वाचलं. वाचताना तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. वही मिटून परत देत ती म्हणाली, "नोनीबाईंचं अक्षर खरंच सुबक होतं."

"तुला एवढंच म्हणायचंय?"

"आणखी काय म्हणू? मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"आठवतंय तेव्हापासून. घरात सगळ्यांनाच माहीत होतं." तिनं एक वीट सरळ केली. "आणि मला सांगा, तुम्ही अडतीस वर्षं गणित शिकवलंत. ज्या बाईनं मोजे धुवून अपमान केला तिच्याच शेतात झरा राहायला कशाला जाईल? रुसून कुणी शेजारी जातं की ज्याच्यावर रुसलो त्याच्याच घरी?"

साठ वर्षं ही गोष्ट त्यांच्या डोक्यात होती आणि हा हिशेब त्यांनी एकदाही मांडला नव्हता.

"लोककथेला तर्क नसतो," ते कसेबसे म्हणाले.

"असं होय. बरं."

"अट्रॅक्टा, दहा वर्षं मी तुझ्या घराण्याचं नाव घेतोय. तुझ्याच हातचा चहा पिऊन. तू एकदा तरी म्हणायचंस."

"का नाही म्हणाले ते गुरुवारी सांगते. आधी तुम्ही सांगा." ती आता हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती. "नावानिशी सांगायचं. 'कोणी एक अज्ञात स्त्री' अशी पळवाट काढायची नाही. मी यंदा खुर्चीवर बसून ऐकणार. चहाचं ऑर्लाला सांगते."

"ऑर्लाला माहिताय?"

"तिनं वही वाचून मला रात्री फोन केला होता. पाच मिनिटं नुसती हसत होती."

गुरुवारी हॉल भरला. अट्रॅक्टा यंदा चहा करणार नाही, पुढे बसणार आहे, एवढी बातमी किलमोऱ्याला पुरेशी होती. बिंगोला येणाऱ्या बायकाही आल्या. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा नाचाच्या वर्गाची बाकं ओढून आणली. अट्रॅक्टा पहिल्या रांगेत मधोमध, चर्चला घालायचा निळा कोट घालून, पर्स मांडीवर ठेवून बसली होती. मास्तरांना तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडे बघता येईना.

त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली. डोळे निवतात, गुडघे निवतात, पंधरा ऑगस्ट, प्रदक्षिणा. मग ते थांबले. पाण्याचा घोट घेतला.

"या ठिकाणी दर वर्षी मी एक नाव घेतो," ते म्हणाले. "ते चुकीचं होतं. मोजे कॉलींच्या बाईनं धुतले नाहीत. डरकनांच्या बाईनं धुतले. माझ्या आईच्या आजीनं. हे मी माझ्या आईच्याच शब्दांत वाचून दाखवतो."

वाचताना "मास्तरांनी खरं तेच लिहा असं सांगितलं आहे" या वाक्यावर त्यांचा आवाज जरा घसरला. समासाबद्दलचा शेराही त्यांनी वाचला, कारण साधन अर्धवट वाचायचं नाही असं ते स्वतःच सांगत आले होते.

वाचून झालं. मास्तरांनी वही मिटली आणि बोलणी खायला मान खाली घातली. रेडिएटरकडून खाकरण्याचा आवाज आला.

"मोजे नव्हते ते," बार्टली म्हणाला.

मास्तरांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"लांब विजार होती. आतून घालायची, लोकरीची. माझी आजी त्या दिवशी बांधावर होती. तिनं डोळ्यांनी बघितली."

"बार्टली, इथे लेखी मोजे लिहिलंय."

"अकरा वर्षांची पोर शाळेच्या वहीत आजोबांची विजार लिहील का?"

हा मुद्दा बिनतोड होता. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, आमच्याकडे पेटीकोट म्हणतात. दुसरी म्हणाली, पेटीकोट कुणाचा, आजोबांचा का? मग जो तो बोलायला लागला. बटाटे धुतले असं एकाच्या घरी होतं, आणि पाळण्यातल्या पोराची फडकी असं दुसऱ्याच्या. बाई डरकनांची, याबद्दल मात्र कुणाचंच दुमत दिसेना. मास्तरांच्या हळूहळू ध्यानात आलं की हे नाव ऐकून दचकलेलं माणूस हॉलमध्ये एकही नाही. त्यांनी बार्टलीकडे बोट केलं.

"तुम्हाला नाव माहीत होतं. मग दहा वर्षं 'तसं नव्हतं' एवढंच का म्हणत राहिलात?"

बार्टलीनं टोपी दोन्ही हातांत फिरवली. "तुमच्या तोंडावर तुमच्या आईला खोटी म्हणू? नोनीबाईंनी माझ्या आईच्या आजारपणात तीन आठवडे आमच्या गायी पिळल्यात, मास्तर. खाकरणं तेवढं माझ्या हातात होतं."

तेव्हा अट्रॅक्टा उठली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि हॉलकडे तोंड केलं. मंडळाच्या कार्यक्रमात ती कधी बोलली नव्हती.

"मी मास्तरांना सांगितलं होतं की गुरुवारी सांगेन," ती म्हणाली. "माझी आई डीलिया आणि नोनीबाई शाळेत एका बाकावर. नोनीबाईंचं लग्न गिल्डेंकडे ठरलं तेव्हा तिकडच्या सासूबाई फार सोवळ्या. रोज चर्च, घरात सहा संतांच्या तसबिरी. झरा हाकलून लावणाऱ्या घराण्यातली सून घरात आली असं कुणी त्यांच्या कानावर घातलं असतं तर नोनीबाईंना जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या आमच्याकडे येऊन रडल्या. आई म्हणाली, रडतेस काय. झरा आमच्याकडे आलाच आहे, बोलही आमच्याकडेच येऊ दे. पाणी आमचं, पुण्य आमचं, एवढंसं पाप आम्हाला परवडतं. तू खुशाल सांग कॉलींनी धुतले म्हणून."

ती जरा थांबली. "मग त्या तसंच सांगत गेल्या. सासूबाईंना सांगितलं, नंतर लेकालाही. सासूबाई ब्याण्णव वर्षं जगल्या, तोवर सांगायची इतकी सवय झाली की परत फिरता येईना. मात्र दर नाताळाला नोनीबाईंच्या हातचे करड्या लोकरीचे मोजे आमच्या घरी यायचे. एक जोडी. आई ते उघडायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. आईनं मला बजावलं होतं, नोनीची गोष्ट नोनीच्या घरच्यांनी सांगायची, आपण नाही. आज सांगितली. झालं."

ती खाली बसली आणि पर्स परत मांडीवर घेतली.

मास्तर व्यासपीठाच्या पायरीवर बसले. ते मोजे त्यांना आठवत होते. दर नोव्हेंबरात आई दिव्याजवळ बसून विणायची, टाच घेताना जीभ दाताखाली धरायची. कुणासाठी म्हणून विचारलं की म्हणायची, कॉलींकडच्या डीलियासाठी, तिचे पाय गार पडतात. त्यांना वाटायचं, आई दानधर्म करते. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. हॉलमधल्या साठ माणसांनी छताकडे, बुटांकडे, एकमेकांच्या मफलरींकडे बघून घेतलं. मग ऑर्लानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "चहा ओतू का?" आणि सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

चहा पाणचट होता. तिघांनी तसं अट्रॅक्टाला येऊन सांगितलं आणि तिनं ते समाधानानं ऐकून घेतलं. बार्टलीनं केकचे तीन तुकडे खाल्ले आणि जाताना मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "चांगलं बोललात. विजारीचं तेवढं दुरुस्त करून घ्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर आईच्या थडग्यावर गेले. गवत उपटलं, दगडावरचं शेवाळ खरवडलं. बोलायचं पुष्कळ ठरवून गेले होते, पण तिथे शेजारच्या रांगेत कुणीतरी फुलं ठेवत होतं, म्हणून नुसतेच उभे राहिले. निघताना शेवटी हळूच म्हणाले, "मला तरी सांगायचंस." मग चार पावलांवर असलेल्या डीलिया कॉलीच्या दगडावरचं शेवाळही त्यांनी खरवडलं. त्याला अर्धा तास लागला.

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. डिसेंबरचं व्याख्यान अट्रॅक्टानं द्यावं असा ठराव ऑर्लानं मांडला आणि मास्तरांनी अनुमोदन दिलं. मग चहा कोण करणार, हा प्रश्न आला. कुणीच हात वर करेना. मास्तरांनी केला.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सहा वाजताच ते हॉलच्या स्वयंपाकघरात हजर झाले. अट्रॅक्टानं त्यांना मोठी किटली दाखवली, साखरेचा डबा दाखवला, कोणती बशी तडकलेली आहे ती दाखवली. मास्तरांनी कागदावर सगळं उतरवून घेतलं.

"चहाची पूड किती?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती चमचे?"

"पुरावा हवाय का तुम्हाला?" ती म्हणाली आणि स्वतःच डब्यात हात घातला.

बाहेर खुर्च्या ओढल्याचे आवाज येऊ लागले. मास्तरांनी बाही दुमडली, कपांची पहिली रांग लावली, कोपरे जुळवून. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "विषय काय घेतलायस आज? पाटीवर नुसतं 'अट्रॅक्टा कॉली' लिहिलंय."

अट्रॅक्टा आरशात बघून कोटाची कॉलर नीट करत होती. "गिल्डे घराणं," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांकडचं अजून कुठे कुणी काय बोललंय?"

मास्तरांच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली.

"कागदपत्रं आहेत तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

"आहेत की. दोन ट्रंका," ती म्हणाली, आणि दार ढकलून हॉलमध्ये गेली. तिला बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी किटलीखालचा जाळ बारीक केला आणि ऐकू यावं म्हणून खिडकी पूर्ण उघडून ठेवली.